मूल चुकते तेव्हा ते विचार करीत असते

घरात चार-पाच वर्षांचे मूल असेल तर हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करून पाहावा, अशी आमची वाचक माता-भगिनींना विनंती आहे. खर्च काहीच नाही. काचेचे दोन सारखे पेले घ्या, त्यांत सारखे पाणी ओता आणि मुलाला विचारा, "दोन्हींत पाणी सारखं आहे ना?" ते नीट निरखून "हो" म्हणेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले सगळे पाणी उंच, निमुळत्या बाटलीत ओता आणि विचारा, "आता कशात जास्त?" बहुतेक मुले क्षणाचाही विलंब न लावता बाटलीकडे बोट दाखवतील. तेच पाणी परत पेल्यात ओतलेत की म्हणतील, "आता सारखं झालं." या दोन उत्तरांत काही विसंगती आहे हे त्यांच्या गावीही नसते.

असे झाले की आपण मोठी माणसे काय करतो? हसतो, नाहीतर खेकसतो. "डोकं आहे की खोकं?" हा आपल्याकडचा आवडता प्रश्न. मूल शाळेत जाणारे असेल तर पुढचे वाक्यही ठरलेले असते, "आमचं पोरगं जरा मठ्ठच आहे, गुरुजी." आमचा आजचा लेख या 'मठ्ठ' शब्दाविषयी आहे.

पाण्याचा हा प्रयोग ज्याँ पियाजे यांचा. १८९६ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला आणि १९८० साली वारलेला हा शास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांचे काम त्यांच्याकडे आले. काम तसे कारकुनी. बरोबर उत्तरे मोजायची आणि चुकीची बाजूला टाकायची. पियाजेंचे लक्ष मात्र त्या टाकलेल्या उत्तरांकडे गेले. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात, हे त्यांच्या ध्यानात आले. निव्वळ अंदाजपंचे उत्तरे दिली असती तर चुका दहा तऱ्हांच्या झाल्या असत्या. ज्या अर्थी चुकीला रीत आहे, त्या अर्थी तिच्यामागे विचार आहे. पुढे त्यांनी आपल्या तीन मुलांची पाळण्यापासूनची टिपणे ठेवली आणि आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारण्याचेच काम केले.

पेल्याच्या प्रयोगातले चार वर्षांचे मूल पाण्याची उंची पाहते. उंची वाढली म्हणजे पाणी वाढले, हा त्याचा हिशेब. उंची वाढली पण रुंदी कमी झाली, अशा दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणे त्याला अजून जमत नाही. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास तेच मूल आपल्याकडे वेड्यासारखे पाहून म्हणते, "तेच तर पाणी आहे, फक्त इकडून तिकडे ओतलं." मधल्या काळात त्याला हे कोणी शिकवलेले नसते. आपल्या आयाबायांना यातला बराचसा भाग पियाजेंच्या आधीपासून ठाऊक होता, हेही सांगायला हवे. अर्धीच भाकरी उरली असली की तिचे चार तुकडे करून ताटात मांडायचे आणि "बघ, तुला किती दिल्या!" म्हणायचे. पोर खूश! ज्या घरांत अर्ध्या भाकरीवर दिवस काढावे लागले, त्या घरांतील माउल्यांनी बालमानसशास्त्राची ही युक्ती गरजेपोटी शोधली होती.

दुसऱ्यांदा विचारले की

पियाजेंचे सगळेच पुढे टिकले असे नाही. एडिंबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली 'चिल्ड्रन्स माइंड्स' नावाचे पुस्तक लिहिले आणि एक साधी शंका मांडली. मूल चुकते ते पाण्याचे न कळल्यामुळे, की आपला प्रश्न न कळल्यामुळे? त्या आणि त्यांचे सहकारी जेम्स मॅकगॅरिगल यांनी एक गंमत केली. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि मुलाला विचारले, "सारख्या आहेत का?" मूल हो म्हणाले. पियाजेंच्या पद्धतीत यानंतर प्रयोग घेणारा माणूस स्वतःच्या हाताने एक ओळ पसरवतो किंवा आवळतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. इथे मात्र एक खट्याळ कापडी अस्वल खोक्यातून बाहेर आले आणि त्याने ओळ विस्कटून टाकली. मग तोच प्रश्न. या वेळी निम्म्याहून अधिक मुलांनी "सारख्याच आहेत" असे बरोबर सांगितले. मोठ्या माणसाने ओळ हलवली तेव्हा असे सांगणारी मुले फारच थोडी होती.

याचा अर्थ काय? मोठा माणूस मुद्दाम काही करतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तेव्हा मूल मनात म्हणते, अर्थी माझे पहिले उत्तर या साहेबांना पसंत नव्हते, आता दुसरे द्यायला हवे. ते पाण्याचा किंवा सोंगट्यांचा विचार सोडून आपल्या तोंडाकडे पाहून विचार करू लागते. हाही विचारच, आणि चांगला हुशारीचा.

आता हाच प्रकार वर्गात पाहा. फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीला गुरुजी विचारतात, "आठ नि पाच किती?" ती म्हणते, "तेरा." गुरुजी भुवया वर करून म्हणतात, "काय? परत सांग." ती म्हणते, "बारा." वर्ग हसतो. ज्या मुलीच्या घरात अभ्यासाला हातभार लावणारे कोणी आहे, जिला घरी शंभर वेळा शाबासकी मिळाली आहे, ती कदाचित "तेराच" म्हणून ठाम उभी राहील. पण जिची पहिलीच पिढी शाळेत आली आहे, जिला पहिल्या दिवसापासून आपण इथे जरा उसनेच बसलो आहोत असे वाटते, ती भुवईपुढे उत्तर बदलते. आमच्या मते आपल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांतील कितीतरी लाल रेघा या भुवईच्या आहेत. घरीदेखील आपण कमी करतो असे नाही. उत्तर बरोबर असले तरी "नक्की? नक्की का?" असे दरडावून विचारण्याची अनेक बापांना हौस असते. तिच्याऐवजी "कसं काढलंस?" एवढेच विचारून पाहावे, आणि उत्तर बरोबर असो की चूक, दोन्ही वेळा विचारावे.

बाळाचे कान आणि आपली बोली

मुलाचा विचार शाळेत सुरू होतो हा आणखी एक समज. पाळण्यातले पोर म्हणजे मांसाचा गोळा, त्याला काय कळतंय, असे म्हणणारी मंडळी अजून आहेत. त्यांच्यासाठी एक दाखला देतो, तोही आपल्या भाषेच्या जवळचा.

'त' आणि 'ट' यांतील फरक आपल्याला सहज कळतो. इंग्रजीखेरीज दुसरे काही न ऐकलेल्या माणसाला तो कळत नाही, दोन्ही उच्चार त्याला एकच वाटतात. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या बाळांना हिंदीतले हे दोन उच्चार ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक बरोबर कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी जवळजवळ कोणालाच कळला नाही. हिंदी कानांवर पडणाऱ्या बाळांचे कान मात्र वर्षाचे होताहोताही शाबूत होते. म्हणजे बाळ जन्मताना अनेक भाषांचे कान घेऊन येते आणि पहिल्या वर्षातच घरात काय बोलले जाते ते ऐकून, लागेल ते ठेवते नि बाकीचे सोडून देते. चालताही न येणारे पोर हा निवाडा करीत असते!

यावरून आठवले. आपल्यातील काही शिकलेली जोडपी हल्ली घरातल्या आजीला नातवाशी बोलू देत नाहीत. आजीचे "हाय", "न्हाय", "व्हय" पोराच्या जिभेवर बसेल अशी त्यांना धास्ती. आम्हांला ही धास्ती चुकीची वाटते. बाळाच्या कानाला शुद्ध-अशुद्ध असे काही नसते. आजीच्या बोलीलाही तिचे व्याकरण आहे, तिचे नेम आहेत, आणि बाळ ते नेम तितक्याच चोखपणे टिपते. पुस्तकी मराठी ते पुढे शाळेत उचलेल. पण जिवंत माणसाचे बोलणे बंद केले तर त्या जागी येणार काय? मोबाइल. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी बाई प्रत्यक्ष बसून खेळली, वाचून दाखवू लागली. काहींना तेच सारे पडद्यावर दाखवले. बारा बैठकांनंतर प्रत्यक्ष बाईबरोबर खेळलेल्या बाळांना चिनी उच्चारांतले फरक कळू लागले. पडद्यापुढे बसलेल्यांना त्यातले काहीच आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सल्ल्यात दोन वर्षांखालील बाळांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एका तासापेक्षा जास्त नको, तोही जितका कमी तितका बरा, असे म्हटले आहे. घास भरवताना हातात मोबाइल देणाऱ्या आयांवर आम्ही रागावत नाही. दिवसभर कामावरून आलेल्या बाईचा जीव थकलेला असतो. पण त्या वेळी आजीचे "न्हाय रं माझ्या राजा" शेकडो पटींनी बरे, एवढे नक्की.

कानांचे जसे, तसेच डोळ्यांचे. आपण डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो, पण पाहणेही शिकावे लागते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पवन सिन्हा यांनी भारतातील जन्मांध मुलांसाठी 'प्रकाश' नावाचा प्रकल्प सुरू केला. शस्त्रक्रियेने दृष्टी येण्यासारखी असूनही जी मुले गरिबीमुळे वर्षानुवर्षे अंधारात राहिली, त्यांच्यावर उपचार करायचे आणि त्यांना दिसू लागल्यावर मेंदू काय करतो ते अभ्यासायचे. २०११ साली त्यांच्या गटाने आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांविषयी लिहिले. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर या मुलांना दोन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या दिसत होत्या. पण हातात चाचपलेली वस्तू समोर दिसणाऱ्या दोहोंपैकी कोणती, हे त्यांना ओळखता येत नव्हते. हाताचे ज्ञान आणि डोळ्याचे ज्ञान यांची गाठ पडलेली नव्हती. काही दिवसांतच ती पडू लागली. त्यामुळे बाळाने खुळखुळा तोंडात घातला, आपटला, उलटा करून पाहिला, तर ओढून घेऊ नका. तो त्याचा अभ्यास आहे. आणि बाळाच्या बुबुळात मध्यभागी पांढरट ठिपका दिसला तर देवऋषी, अंगारे, "मोठं झालं की जाईल" यांत एक दिवसही न घालवता सरकारी दवाखाना गाठा.

सत्तावीस की वीस सात?

मूल एक ते दहा धडाधड म्हणते म्हणून त्याला आकडे येतात असे समजू नये. तीन वर्षांच्या मुलाला ताटलीतून "चार शेंगा दे" म्हणा, ते मूठभर देईल. अंक म्हणणे हे त्याच्या दृष्टीने गाण्यासारखे असते. शेवटी म्हटलेला अंक म्हणजे एकूण किती, ही गोष्ट अनेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आगेमागे उमगते. जयंतीच्या स्टेजवर चार वर्षांच्या पोराकडून मोठ्या माणसाचे भाषण पाठ म्हणवून घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. असो.

मराठी मुलांपुढे एक जादा अडचण असते. आपण 'सत्तावीस' म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. ऐकले तसे लिहिणारे मूल ७२ लिहिते आणि मार खाते. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतो नि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचण्याची सोय दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधिमंडळात टिंगल झाली, भाषा बुडाली अशी ओरड झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावे काढलेली नाहीत, मुलाला सोपे जावे म्हणून दुसरी वाट दिली आहे. चिनी भाषेत अकराला 'दहा एक' म्हणतात. चिनी आणि अमेरिकन मुलांची तुलना केली तेव्हा दहापर्यंत दोघेही सारखेच मोजत होते, दहाच्या पुढे मात्र अमेरिकन मुले मागे पडली. तेव्हा चूक नेहमी मुलाच्याच डोक्यात शोधू नये, कधी कधी ती शब्दांच्या बांधणीत सापडते.

बाजारातले गणित हा याहून मोठा विषय. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांकडे संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले. बारा वर्षांच्या एका मुलाला दहा नारळांची किंमत विचारली. एक नारळ ३५ चा. शाळेत शिकलेला मुलगा शून्य जोडून मोकळा झाला असता. या मुलाने तिनाचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, मग ३१५, आणि एक मिळवून ३५० असा हिशेब केला. अशा हिशेबांत मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते पुढे कागदावर आकड्यांत घातली तेव्हा केवळ ३७ टक्के. २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. बाजारातली मुले तोंडी व्यवहार सफाईने करीत, पुस्तकी गणितात अडत. शाळेतली मुले पुस्तकी गणित करीत, बाजारात अडखळत. भाजीच्या गाड्यावर बापाला मदत करणारा जो मुलगा चौथीत 'गणितात कच्चा' ठरतो, त्याच्या डोक्यात गणित भरलेले आहे. ते वहीत उतरवण्याचा पूल त्याला कोणी बांधून दिलेला नाही, आणि तो बांधणे हे शाळेचे काम.

नाव पुकारले तेव्हा

आता ज्या प्रयोगासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीतल्या ६४२ मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले तथाकथित उच्च जातींची, निम्मी दलित. सुटलेल्या प्रत्येक कोड्याला पैसे. कोणाची जात कोणती हे उघड केले नाही, तेव्हा दोन्हींच्या कामगिरीत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या गटांत कोडी देण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, बाप-आजाचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. कोडी तीच, वेळ तोच, बक्षीस तेच. दलित मुलांची सुटलेली कोडी स्पष्टपणे कमी झाली. २००६ साली हे संशोधन 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये छापून आले.

पाच मिनिटांपूर्वी जे डोके चालत होते ते अचानक मंद होते का? मुळीच नाही. मूल तिथेही विचारच करीत असते, फक्त कोड्याचा सोडून दुसऱ्याच गोष्टीचा. हे लोक मला काय समजतात, मी कितीही सोडवले तरी मला देतील का, सोडवून दाखवले तर बाहेर गेल्यावर काय होईल. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना वर्गात "अमक्या जातीचे उभे राहा" असे पुकारणाऱ्या शिक्षकांना आपण त्या क्षणी मुलांच्या डोक्यातली किती जागा अडवतो याची कल्पना नसते. पालकांनी शाळेत जाऊन सांगावे की नावे कागदावर घ्या, पुकारू नका. भांडण न करता सांगावे, पण सांगावेच.

या बाबतीत आम्हांला बाबासाहेबांच्या आठवणींतील एक प्रसंग फार मोलाचा वाटतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने छापलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये तो आहे. १९०१ सालची उन्हाळी सुट्टी. बालभीम, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाली, मसूर स्टेशनावर उतरली. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलू लागला, जात कळताच त्याचा चेहरा पालटला. कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. रात्रभर पाण्यावाचून हाल झाले. वर्गात वेगळ्या तरटावर बसणे, शिपाई नसला तर पाणी न पिणे हे सारे त्या मुलाला आधीपासून ठाऊक होते. बाबासाहेब लिहितात की ते त्यांना स्वाभाविक वाटे. या प्रवासाने त्यांना प्रथमच त्याविषयी विचार करायला लावले. माहीत असणे आणि विचार करणे यांतला फरक दहा वर्षांच्या मुलाच्या मनात कसा पडतो, याचे इतके प्रांजळ टिपण आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही.

मुलांना जातीविषयी कधी सांगावे, असे अनेक पालक आम्हांला विचारतात. लहान आहे, मन दुखावेल, असे त्यांना वाटते. आमचे मत असे की वर्गात कोणी टोमणा मारण्याआधी घरात सांगितलेले बरे, आणि सांगताना हा मसूरचा प्रसंग गोष्टीसारखा सांगावा. गोष्ट मध्येच थांबवून "त्यांना पाणी का मिळालं नसेल? तुला काय वाटतं?" असे विचारावे आणि गप्प बसावे. पाच वर्षांचे पोर कदाचित म्हणेल, "पाणी संपलं असेल." म्हणू द्या. लगेच दुरुस्त करू नका, वर्षभराने पुन्हा तीच गोष्ट सांगा. आठव्या-नवव्या वर्षी तेच पोर मध्येच अडवून विचारेल, "पण त्यांनी तर दुप्पट पैसे दिले होते ना?"